भिंतीपलीकडची समस्यापूर्ती

१२ जानेवारी

आज फोनवर नवीन खातं उघडलं. आमचं काव्यमंडळ ज्या मोठ्या साइटवर भरायचं ती कंपनीने विकली की गुंडाळली, मला नीट कळलेलं नाही. एका सकाळी उघडायला गेलो तर नुसता पांढरा पडदा. इतक्या वर्षांच्या कविता गेल्या म्हणून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली बऱ्याच गोष्टींचं असं होतं. वाटायची वेळ येते, निघून जाते, मी आपला बघत राहतो.

मंडळातले बाकीचे पांगले. उरलो मी आणि वेलांटी. हा माझा शाळेपासूनचा मित्र. लहानपणापासून मान एका बाजूला झुकवून चालतो, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. पुढे जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून त्याने ते सार्थ केलं. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज गेला. त्यामुळे फोनवर बोलणं संपलं. आता बोलायचं ते लिहून.

सूनबाई रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिची सुट्टी होती. चहाचे दोन कप घेऊन माझ्याशेजारी बसली आणि समजावू लागली.

"बाबा, याला एक मालक नाही. छोटी छोटी घरं आहेत, म्हणजे सर्व्हर. प्रत्येक घर चालवणारा वेगळा. तुम्ही कुठल्याही घरात राहा, दुसऱ्या घरातल्यांशी बोलता येतं."

"मुख्य कचेरी कुठे?"

"नाहीच."

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

"अजून काही झालं नाही आणि तुम्ही तक्रारीवर पोचलात!"

कवितेचं एक घर होतं, पण त्यात नवीन माणसं घेणं बंद होतं. मग झाडं लावणाऱ्यांचं घेतलं. वरचं पानाचं चित्र बरं होतं. आपल्याकडे कुंडीसुद्धा नाही. होत्या त्या बायकोच्या, ती गेल्यावर वाळल्या.

१४ जानेवारी

मी नोकरीभर पाणीपुरवठ्याचे नकाशे काढले. आधी टाकी, टाकीतून मुख्य नळ, नळाला फाटे, फाट्यावर घरं. कितीही मोठं शहर असो, बोट ठेवायला एक टाकी असते. आज या नव्या प्रकाराचा नकाशा काढायला बसलो. सगळी घरं एकमेकांना जोडत गेलो. कागद कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसायला लागला आणि टाकी कुठे काढायची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सूनबाई डोकावून म्हणाली, "ईमेलसारखं समजा ना. वेगवेगळ्या कंपन्यांची असते, तरी पोचते."

मी म्हटलं, पाणी असं वाहत नाही. ती म्हणाली, "मलाही कालपर्यंत माहीत नव्हतं, बाबा. मीही शिकतेच आहे."

१७ जानेवारी

वेलांटी सापडला. तो 'मोठी गल्ली' नावाच्या घरात आहे. का, तर यादीत ते पहिलं होतं. छापखान्यात पहिल्या ओळीवर कधी विश्वास ठेवला नाही, आणि इथे ठेवला. नुसतं नाव टाकून शोधत होतो म्हणून इतके दिवस भेटला नाही. इथल्या पत्त्याला दोन शेपट्या असतात, एक माणसाची, एक घराची. दुसरी शेपटी धरल्याशिवाय माणूस हाती लागत नाही.

आल्या आल्या त्याने ओळ टाकली.

आमचा हा जुना खेळ. मराठीच्या तासाला गुरुजी एक ओळ देत आणि दुसरी आम्ही जुळवायची. समस्यापूर्ती. उभं राहून, मोठ्याने, सगळ्या वर्गासमोर. गुरुजी म्हणाले होते, 'ढग पांघरून डोंगर निजला', आणि वेलांटी ताडकन उठून, 'घोरत सुटला वारा'. वर्ग हसला. मला ती खिडकी अजून दिसते, खडूची धूळ उन्हात तरंगताना दिसते. त्या वर्गात परत जाता आलं असतं तर मी बाकीचं सगळं आनंदाने सोडून दिलं असतं. असं वाटतं खरं, पण आनंद म्हणजे नक्की कसा, ते आठवावं लागतं.

ओळ अशी:

दोन कपांची सवय हातांना, एक कशाला मांडू?

मी मात्रा मोजल्या. पहिल्या भागात एक जास्त. त्याला लिहिलं, 'हातांना' मुळे वाढते आहे, 'करांना' घे.

उत्तर आलं: 'कर तुझ्याकडे असतील, पट्ट्या. माझ्याकडे हात आहेत. दुसरी ओळ दे.'

पट्ट्या हे वर्गाने मला ठेवलेलं नाव, सारखी पट्टी घेऊन मोजायचो म्हणून. दुसरी ओळ सुचली नाही. ती गेल्यापासून मी एकही ओळ केलेली नाही. वेलांटीला ते ठाऊक आहे, तरी मागतो. शिवाय याला अलीकडे असले घरगुती विषय सुचतात. पूर्वी डोंगर, वारा, समुद्र असायचे. वयाचा परिणाम असावा.

२३ जानेवारी

दुपारी फिरून आलो, बेल वाजवली. सूनबाईने दार उघडलं.

"बाबा, किल्ली नाही नेली?"

खिशातच होती. ती कामावर असते तेव्हाही मी आधी बेल वाजवतो, थोडा थांबतो आणि मग किल्ली काढतो. सवय.

गंमत म्हणून वेलांटीला लिहिलं, बघ, काय म्हातारपण आलंय.

२५ जानेवारी

त्याची नवी ओळ:

बेल दाबतो अजून दारी, किल्ली असून खिशात.

मी दोनदा मात्रा मोजल्या. बरोबर आहेत. काढायला चूकच नाही.

खाली कुणी कुणी लिहिलं होतं. आमच्या झाडांच्या घरातला एक जण म्हणाला, 'हे वाचून पाणी घालायचं विसरलो.' एका सायकलचं चित्र लावलेल्या बाईने नुसतं लिहिलं, 'मग?' मलाही तेच विचारायचं होतं. मग काय?

३० जानेवारी

ओळ तशीच आहे. रोज उघडून बघतो. वेलांटी रोज एकच शब्द टाकतो: 'उभा राहा.'

४ फेब्रुवारी

सकाळी वेलांटी नव्हता. त्याचं पान नाही, ओळ नाही. शोधलं तर 'सापडत नाही'. मला वाटलं, आपणच काही दाबलं. सूनबाईने बघितलं आणि घर चालवणाऱ्याची सूचना वाचून दाखवली. आजपासून मोठ्या गल्लीशी आपला संबंध बंद.

घर चालवणारा हा रोपवाटिका चालवणारा माणूस. त्याला मी लिहिलं, 'महोदय, आपल्या निर्णयामुळे माझा एका मित्राशी संपर्क तुटला आहे. कृपया फेरविचार व्हावा.'

त्याचं उत्तर लगेच आलं. 'काका, तुमचा मित्र भला माणूस असणार. पण त्याच्या गल्लीतले काही टगे आपल्याकडच्या बायकांना काय काय लिहून पाठवतात, ते मला तुम्हाला दाखवायचीही लाज वाटते. तिथला चालवणारा दाद देत नाही. मी एकटा माणूस. एकेकाला किती हाकलू? दार लावलं तर सगळ्यांनाच लागतं. तुमच्या मित्राला इकडे बोलवा की!'

त्याचं बरोबर आहे. राग येईल असं वाटलं होतं, आला नाही.

वेलांटीच्या फोनवर साधा संदेश पाठवला: 'आपल्यामध्ये भिंत पडली.'

त्याचं उत्तर: 'पडली की उभी राहिली? क्रियापद तपास.'

मी लिहिलं, मग फोनवरच खेळू. संदेश पाठवत जाऊ.

'चिठ्ठ्या वर्गात फिरवायच्या नसतात. चारचौघांत म्हणायची ती ओळ. उभा राहा.'

त्यानंतर मी पाठवलेल्या कशालाही त्याने उत्तर दिलेलं नाही. हट्टी पहिल्यापासूनच.

९ फेब्रुवारी

वेलांटीच्या लेकीचा फोन. परत तपासण्या झाल्या. गाठ पुन्हा दिसते आहे, जरा खाली. डॉक्टर घाई करा म्हणतात.

"काका, बाबा दिवसभर फोन हातात धरून बसतात. तुम्ही काही लिहिलंत का, तेवढंच विचारतात. पाटीवर लिहून."

"त्याला म्हणावं, मध्ये भिंत आहे."

"भिंतीचं त्यांना कळलंय, काका. तुम्ही काय लिहिलंत, ते विचारतात."

लिहितो म्हटलं. फोन ठेवला. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघत बसलो. कुणीतरी येऊन ते काढून नेले.

११ फेब्रुवारी

सूनबाईला म्हटलं, मला मोठ्या गल्लीत जायचंय.

"टग्यांच्या घरात?"

"वेलांटी आहे तिथे."

तिने वाचून समजून घेतलं, मग मला सांगितलं. घर बदलता येतं. जुन्या घराच्या दारावर नवा पत्ता लागतो. जे आपल्याला वाचत होते ते आपोआप मागोमाग येतात. पण आपण लिहिलेलं बरोबर नेता येत नाही, ते जुन्या घरातच राहतं.

"म्हणजे माणसं येतात आणि लिहिलेलं मागे राहतं?"

"हो."

"मला वाटलं होतं, उलटं असतं."

तिने माझा फोन हातात घेतला. मग म्हणाली, "वेलांटीकाकांना कळवू या का आधी?"

नको म्हटलं. सांगून गेलं तर त्यात मजा काय? आणि त्याला चिठ्ठ्या चालत नाहीत. थेट जाऊन वर्गात उभा राहीन.

१२ फेब्रुवारी

हललो.

मोठी गल्ली फार गजबजलेली आहे. सगळे एकदम बोलतात. वेलांटीचं पान शोधलं, सापडलं. वर एक पट्टी होती: 'हे खातं इथून हललं आहे.' खाली नवा पत्ता, दुसरी शेपटी झाडं लावणाऱ्यांच्या घराची.

सूनबाईने फोन माझ्या हातातून घेतला, वाचलं आणि खो खो हसली. मग एकदम थांबली.

"अहो बाबा! ते तिकडे गेले!"

काल संध्याकाळी गेला. लेकीकडून करून घेतलं म्हणे. मी इकडे यायला निघालो तेव्हा तो तिकडे माझी वाट बघत बसला होता. भिंत आहे तिथेच आहे. आम्ही फक्त बाजू बदलल्या.

"परत जाऊ," मी म्हटलं.

एकदा घर बदललं की महिनाभर परत बदलता येत नाही. जुन्या खात्याला कुलूप. झाडांच्या घरात नवीन खातं काढावं तर रोपवाल्याने कालपासून नवीन माणसं घेणं थांबवलंय, फार गर्दी झाली म्हणून. सूनबाईने तिसऱ्याच एका घरात माझ्या नावाने अर्ज केला. तिथे माणूस पारखून घेतात. पारखतील तेव्हा कळवतील.

"वेलांटीकाकांनाही महिनाभर थांबावं लागेल," ती म्हणाली आणि उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

१३ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती म्हणाली, बाबा पोट धरून हसले, आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मग पाटीवर लिहिलं, 'पट्ट्या जन्मभर चुकीच्या बाकावर.' नंतर पाटी पुसून म्हणे भिंतीकडे तोंड करून झोपले.

१७ फेब्रुवारी

अर्जाचं काही कळलं नाही.

त्या सायकलवाल्या बाईने लिहिलं आहे.

'आजोबा, मी सायकली दुरुस्त करते. दुकानात जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर माझं स्वतःचं घर चालतं. त्यात मी एकटीच राहते. त्यामुळे तुम्हाला आत घेता येत नाही, जागा नाही म्हणून नाही हां, मला जमत नाही म्हणून. पण तुम्हा दोघांना मी सुरुवातीपासून वाचते. माझ्याकडून मी कुणालाच बंद केलेलं नाही, मलाही कुणी केलेलं नाही. तुमच्या दोन्ही बाजूंचं मला ऐकू येतं. काही सांगायचं असेल तर सांगा, तिकडे म्हणेन.'

मी लिहिलं, 'आभारी आहे. पण त्याला चिठ्ठी चालत नाही.'

'चिठ्ठी कुठे? मी मधल्या बाकावर आहे. मोठ्यानेच म्हणणार.'

सांगायला माझ्याकडे काही नव्हतंच.

२२ फेब्रुवारी

वेलांटीला परवा दवाखान्यात दाखल करणार. लेक म्हणाली, फोन बरोबर नेणार आहेत, डॉक्टर काही का म्हणेनात.

सायकलवालीने तिकडचं एक वाक्य माझ्याकडे म्हणून दाखवलं. 'भिंतीपलीकडून सांगतात: पट्ट्याला विचारा, पाय दुखले का? तसं असेल तर टेकून उभा राहा म्हणावं.'

मला हसू आलं असावं. सूनबाई म्हणाली, "काय झालं?" काही नाही म्हटलं.

कागद घेतला. खिशात, हातात, रात, जात. यमकं मांडली, जशी नकाशाच्या कोपऱ्यात खुणांची पट्टी मांडतात तशी. यमकं पुष्कळ आहेत. ओळ नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळी वेलांटी दाखल झाला. दुपारी मी बाहेर पडलो, उगीच लांबपर्यंत गेलो, परत आलो. सूनबाई कामावर, मुलगा कामावर. घरात कुणी नाही हे मला माहीत होतं. जिन्यावरून वर येतानाही माहीत होतं. बेल वाजवली.

आमच्या दारासमोरच्या जाळीतून दुपारी ऊन येतं. तिथे थांबलो. तिचे गुडघे दुखायचे. बेल वाजली की आधी आतून आवाज यायचा, 'आले, आले', आणि मग बऱ्याच वेळाने ती. मी चिडायचो, की म्हणायचीस काय, आधी ये तरी. ती म्हणायची, "म्हटलं की अर्धी पोचते मी."

ऊन मानेवर लागत होतं. मी दुसऱ्यांदा बेल दाबली नाही, किल्लीही काढली नाही. उभा राहिलो. किती वेळ, ते बघितलं नाही. मग खिशातून फोन काढला आणि तिथेच, दारात उभ्या उभ्या, मोठ्या गल्लीत सगळ्यांसमोर लिहिलं:

बेल दाबतो अजून दारी, किल्ली असून खिशात.
'आले, आले' म्हणेल ती. मी उभाच आहे उन्हात.

मात्रा मोजल्या नाहीत. आता घरात आल्यावर मोजल्या, बरोबर आहेत. सायकलवालीला सांगायला गेलो, तर तिने आधीच तिकडे म्हटलं होतं.

गल्लीतल्या एका टग्याने खाली लिहिलंय, 'आजोबा, दार उघडा आणि आत जा.' त्याचंही बरोबर आहे.

२५ फेब्रुवारी

काही नाही. सूनबाई सारखी माझ्या फोनकडे बघते. मी म्हटलं, दवाखान्यात लक्ष नसेल त्याचं.

२६ फेब्रुवारी

दुपारी खिडकीशी उभा होतो. फोन वाजला. सायकलवाली.

'आजोबा, तिकडून आलंय. दोनच शब्द आहेत. मला अर्थ लागला नाही. चिडले का हो ते? जसंच्या तसं म्हणते: बस खाली.'

तिला कसा लागणार? गुरुजी कधी शाबास म्हणाले नाहीत. ओळ फसली की तास संपेपर्यंत उभं ठेवायचे, बाकीचे बसलेले आणि आपण एकटे उभे, पायांना मुंग्या येईपर्यंत. जमली की मान न उचलता एवढंच म्हणायचे.

मी खुर्ची ओढली आणि बसलो.

बसलो तो उठता येईना. छातीतून काहीतरी वर येत होतं, खोकला असेल म्हणून मी तोंडावर रुमाल धरला. खोकला नव्हता. सूनबाई लॅबमधून आली, तिच्या किल्लीने दार उघडलं, पिशवी ठेवली, दिवा लावला आणि मला तसं बघून धावतच आली.

"बाबा! काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "बसलोय."

ती खाली जमिनीवर माझ्या पायांशी बसली. पुष्कळ वेळ आम्ही दोघं तसेच बसून होतो.